पिच म्हणजे नुसती खेळपट्टी नाही: या चुका टाळा

खानदेशात 'पिच' हा शब्द क्रिकेटने घरोघरी नेला, आणि त्यामुळेच त्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळे होतात. शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे खेळपट्टीच उभी राहते. मग जळगावच्या एमआयडीसीत टर्नर 'पिच किती?' विचारतो, मांडववाला 'पी-फोर लावू का पी-टेन?' म्हणतो, भजनात पेटीवाला 'पिच एक खाली घ्या' सांगतो, धरणाच्या कामावर मुकादम 'पिचिंग राहिलंय' म्हणतो. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी माप वेगळं, आणि चूक झाली तर नुकसानही वेगळं.

मी यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणतो, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ. माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. 'पिच' दिसला की त्याच्या शेजारचं माप बघा. मिलिमीटर असेल तर आटे, चेन किंवा स्क्रीन. अंश असेल तर उतार किंवा ड्रोन. हर्ट्झ असेल तर सूर. यार्ड किंवा फूट असेल तर बहुधा मैदान. शेजारी माप नसेल तर वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय अर्थ लावू नका.

मैदानावरच्या चुका

कापूस उपटून झाला की मोकळ्या शेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि पिच आखायची वेळ येते. इथली नेहमीची चूक म्हणजे 22 यार्ड पावलांनी मोजणं. पाऊल म्हणजे यार्ड नव्हे. यार्ड पुरा 3 फुटांचा असतो, चालतं पाऊल अडीच फुटांच्या आसपास पडतं. अशी 22 पावलं टाकली की पिच 55 फुटांवर संपते. असायला हवी 66 फूट, म्हणजे 20.12 मीटर.

टेप आणला तरी दुसरी चूक होते, आणि ही चांगल्या चांगल्या आयोजकांकडून होताना दिसते. 66 फूट हे अंतर स्टंपपासून स्टंपपर्यंतचं आहे. बॅट्समन जिथे बॅट टेकवतो ती रेघ, म्हणजे पॉपिंग क्रीज, स्टंपच्या 4 फूट पुढे असते. टेप या रेघेपासून त्या रेघेपर्यंत 66 फूट धरला, तर स्टंपमधलं अंतर 74 फूट होतं. फास्ट बॉलर तक्रार करतो की बॉल पोहोचेपर्यंत मरतो, दोष मातीला दिला जातो, आणि रेघ कुणी तपासत नाही. शंका आली तर दोन पॉपिंग क्रीजमधलं अंतर मोजा. ते 58 फूट भरलं पाहिजे. पिचची रुंदी 10 फूट.

'बॉलरने पिचवर पाय दिला, नो बॉल द्या' हा वादही नेहमीचा. पिचवर पाय पडणं हा गुन्हा नाही. जपायचा असतो तो मधला 2 फुटांचा पट्टा, आणि तोही पॉपिंग क्रीजच्या 5 फूट पुढून सुरू होतो. त्यावरून वारंवार धावलं तर अंपायर समज देतो. नो बॉलशी त्याचा संबंध नाही.

क्रियापद म्हणून 'पिच' आला की गोंधळ आणखी वाढतो. 'बॉल पिच झाला' म्हणजे टप्पा पडला. टीव्हीवर एलबीडब्ल्यूचा, म्हणजे पायचीतचा, रिव्ह्यू दाखवताना 'पिचिंग' अशी पहिली ओळ येते ती टप्प्याची. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर असेल तर पुढचं काहीही बघायची गरज नाही, बॅट्समन नाबाद. बॉल मधला स्टंप उडवणार असला तरीही. ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर मात्र आऊट देता येतं. आपल्याकडच्या बहुतेक टेनिस बॉल स्पर्धांत एलबीडब्ल्यू नसतंच, म्हणून मुलं लेदर बॉलकडे वळली की नेमकी इथेच अडखळतात.

शब्दाचं मूळ समजलं की हे सगळं एका जागी बसतं. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता रोवणं, खुपसणं. तंबू 'पिच' करतात तो याच अर्थाने. क्रिकेटच्या 1744 च्या नियमांतही स्टंप 'पिच' करण्याची, म्हणजे रोवण्याची भाषा आहे. जिथे स्टंप रोवले त्या जागेला पुढे पिच म्हणू लागले.

आता बातम्या लिहिणाऱ्यांसाठी. ब्रिटिश फुटबॉलमध्ये पिच म्हणजे अख्खं मैदान. 'पिच इन्व्हेजन' म्हणजे प्रेक्षक मैदानात घुसले. ते 'खेळपट्टीवर घुसले' असं लिहिलं की फुटबॉलच्या बातमीत खेळपट्टी कुठून आली, असा प्रश्न वाचकाला पडतो. अमेरिकी बेसबॉलमध्ये पिच म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू. 'पिच काउंट' म्हणजे त्याने किती चेंडू टाकले तो आकडा. भाषांतर करणारी ॲप्स इथे हमखास खेळपट्ट्या मोजत बसतात.

नट बसत नाही तेव्हा

पैसे खऱ्या अर्थाने बुडतात ते इथे. पंपाचा किंवा थ्रेशरचा बोल्ट तुटला, दुकानातून '10 चा बोल्ट' आणला. नट हाताने दोन आटे गेला आणि अडकला. आता पान्याला पाईप लावून जोर केला जातो, आणि आटे मरतात. जाणता फिटर हात लावताक्षणी सांगतो, "ह्या नटनी पिच येगळी शे, भो." त्याचं ऐका.

बोल्टची पिच म्हणजे एका आट्याच्या टोकापासून शेजारच्या आट्याच्या टोकापर्यंतचं अंतर. 10 मिमीच्या बोल्टची नेहमीची पिच 1.5 मिमी, पण बारीक आट्यांचा बोल्ट 1.25 चा येतो आणि गाड्यांत तो बराच वापरतात. 8 मिमीला नेहमीची 1.25, बारीक 1. म्हणून दुकानात नुसती जाडी सांगू नका. 'एम दहा, दीडची पिच' असं पूर्ण सांगा, नाहीतर जुना बोल्ट खिशात घेऊन जा.

आटे तपासायचं पिच गेज नसेल तर पट्टीने मोजता येतं, फक्त मोजणीत एक फसगत आहे. लोक आट्यांची टोकं मोजतात. मोजायच्या असतात मधल्या खाचा. पट्टीचा शून्य एका टोकावर ठेवा आणि 10 खाचा पुढे जा, म्हणजे तुम्ही अकराव्या टोकावर पोहोचाल. तिथे 15 मिमी आलं तर पिच 1.5. बारा-साडेबारा आलं तर 1.25. याहून सोपी परीक्षा म्हणजे जुना आणि नवा बोल्ट आट्यात आटे घालून उजेडासमोर धरणं. मधून उजेड आला तर बोल्ट परत करा.

ठिबकवाल्यांनी पाईपच्या आट्यांकडे विशेष लक्ष द्यावं. आपल्याकडचे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) फिटिंग ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचे असतात. बाहेरून आलेला एखादा फिल्टर किंवा व्हॉल्व्ह अमेरिकी आट्यांचा असू शकतो. एक इंची पाईपला ब्रिटिश पद्धतीत इंचाला 11 आटे, अमेरिकी पद्धतीत साडेअकरा. दोन-तीन फेऱ्या छान बसतात, मग घट्ट होतं आणि पाणी झिरपत राहतं. अर्ध्या इंचाला दोन्हींत 14 आटे आहेत, पण आट्याचा कोन 55 आणि 60 अंश असा वेगळा. म्हणून तिथे गळती आणखी फसवी, कारण बसताना काहीच कळत नाही. टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवत नेणं हा यावर उपाय नाही. मधे बसणारा ॲडॉप्टर घ्या.

मोटरसायकलची चेन बदलतानाही हेच. 428 नंबरच्या चेनची पिच अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, आणि 520 ची 15.875 मिमी. आकडे अंदाजे जुळवू नका.

पट्टी आणि आवाज

गाण्यात पिचला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पट्टी. तो असताना 'पिच वाढवा' म्हटलं की साउंडवाला आवाजाचं बटण फिरवतो, आणि गायकाचा घसा आहे तिथेच अडकलेला राहतो. पट्टी उंच होणं वेगळं, आवाज मोठा होणं वेगळं. गायकाने 'काळी चार द्या' (पेटीची चौथी काळी पट्टी) असं थेट सांगावं.

कीबोर्डवरची चूक बारीक आहे. पांढरी चार चालू असताना पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं की बऱ्याच जणांना वाटतं पांढरी पाच झाली. बटण अर्ध्या सुराने चढतं, म्हणजे काळी तीन झाली. काळी चारला जायचं तर तीनदा दाबावं लागेल. आणि पेटीशी कीबोर्ड थोडासाच विसंगत वाटत असेल तर ट्रान्सपोजला हात लावू नका. कीबोर्डची पांढरी सहा बहुधा 440 हर्ट्झला बांधलेली येते, जुनी पेटी तिच्यापासून किंचित सरकलेली असते. त्यासाठी ट्यूनिंगची वेगळी सोय असते, ती वापरा.

लग्नाचा स्क्रीन

पी-फोर, पी-टेन हे एलईडी स्क्रीनचे प्रकार, आणि त्यांतला आकडा म्हणजे दोन ठिपक्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं समजून पी-टेन ठरवणारे यजमान आहेत. प्रत्यक्षात उलट आहे. 3 मीटर रुंद स्क्रीनवर पी-फोरमध्ये आडवे 750 ठिपके बसतात, पी-टेनमध्ये 300. नावं देवनागरीत लिहिली की पी-टेनवर अनुस्वार आणि रफार आधी हरवतात. ढोबळ हिशोब असा की जितक्या मिमीची पिच, तितके मीटर तरी प्रेक्षक लांब असावेत. पहिली रांग 5 मीटरवर असेल तर पी-टेन घेऊ नका.

धरणाचं पिचिंग

हतनूरसारख्या मातीच्या भरावाच्या धरणावर पाण्याकडच्या उतारावर दगड हाताने रचलेले दिसतात, ते पिचिंग. लाटांनी माती खाऊ नये म्हणून ते असतं, आणि दगडांखाली खडी-वाळूचा थर असतो. शेततळ्याच्या बांधावर हेच करताना काही जण दगडांमधल्या फटी सिमेंटने बुजवून टाकतात. काम देखणं दिसतं, पण तळ्यातलं पाणी भराभर उतरलं की बांधात मुरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही, आणि त्या दाबाने दगड सुटतात. कोरड्या पिचिंगच्या फटी मोकळ्याच राहू द्या.

उरलेले अर्थ

पत्र्याच्या शेडच्या नकाशावर पिच म्हणजे ढाळ. '5' एवढाच आकडा असेल तर कॉन्ट्रॅक्टरला विचारा, 5 अंश का आडव्या 12 ला उभे 5? दुसरा ढाळ साडेबावीस अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्यांचा हिशोब पार बदलतो. फवारणीच्या ड्रोनची पिच म्हणजे नाक खाली-वर होणं. त्याचा फवाऱ्याच्या रुंदीशी संबंध नाही. विद्यापीठातल्या स्टार्टअप स्पर्धेतली पिच म्हणजे थोडक्यात केलेली मांडणी. 'दोन मिनिटांची पिच' असं म्हटलं असेल तर धंदा काय, गिऱ्हाईक कोण आणि पैसे किती लागतील, एवढं त्या वेळात बसवा. कंपनीचा इतिहास कुणी मागितलेला नसतो.

आणि 'पिच डार्क'मधला पिच हा मुळात निराळाच शब्द आहे. तो लॅटिनमधून आला, अर्थ डांबर. पूर्व भारतात डांबरी रस्त्याला 'पिच रोड' म्हणतात तो हाच. रोवण्याशी, खेळपट्टीशी त्याचं काही नातं नाही.