एल्कहार्टभोवती आरव्हीने फिरण्याचे नियोजन

इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे छोटे शहर अमेरिकेतील आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली प्रवासी गाडी) उद्योगाचे केंद्र असल्यामुळे सहलीची सुरुवात तेथील आरव्ही संग्रहालयातील जुन्या गाड्यांपासून करावी. तिथून पूर्वेला आमिश या मोटारी न बाळगणाऱ्या पारंपरिक ख्रिस्ती समाजाच्या वस्तीतील शिपशेवाना गाव आहे. उन्हाळ्यात तेथील मोठा बाजार मंगळवारी आणि बुधवारी भरतो, तर रविवारी आमिश दुकाने बंद असतात, म्हणून मुक्काम आठवड्याच्या मध्यावरच ठेवावा. या रस्त्यांवर घोडागाड्या चालतात. त्यांच्यामागे वेग कमी करून पुरेसे अंतर राखावे आणि घोडा बुजेल असा हॉर्न कदापि वाजवू नये.

पश्चिमेला मिशिगन सरोवराकाठी, 2019 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले, वाळूच्या टेकड्यांचे इंडियाना ड्यून्स आहे. तेथील ड्यूनवुड या आरव्ही मुक्कामाच्या तळावर वीजजोडणी नाही, त्यामुळे वातानुकूलन हवे असेल तर शेजारच्या राज्य उद्यानातील वीज असलेली जागा आधीच आरक्षित करावी. एल्कहार्टमध्ये पूर्व प्रमाणवेळ, तर ड्यून्समध्ये मध्य प्रमाणवेळ चालते. परतताना घड्याळ एक तास पुढे जाते, हे तळावर पोहोचण्याची वेळ ठरवताना अवश्य धरावे.