पालक शिजवताना काय टिकतं, काय जातं आणि भाजी कशी करायची

दोन जुड्या आणल्या की अख्खा ओटा भरतो आणि शिजवल्यावर कढईच्या तळाशी दोन वाट्या भाजी उरते, हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. कारण सोपंय, कच्च्या पालकात 91 टक्के पाणीच असतं. एक कप भरून कच्ची पानं घेतली तर जेमतेम 30 ग्रॅम भरतात, तोच कप शिजलेल्या पालकाने भरला तर 180 ग्रॅम. म्हणून शिजवलेला पालक जास्त पौष्टिक असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते मुख्यतः यामुळे की आपण एका बैठकीला कितीतरी जास्त पानं खातो.

आता आकडे बघू. उकडून पाणी काढलेल्या 100 ग्रॅम पालकात, म्हणजे आपली एक मध्यम वाटी धरा, फक्त 23 कॅलरी, जवळपास 3 ग्रॅम प्रोटीन, अडीच ग्रॅमच्या आसपास फायबर, लोह साधारण साडेतीन मिलिग्रॅम, कॅल्शियम 136 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 87 आणि पोटॅशियम 466 मिलिग्रॅम. फोलेट (बी गटातलं व्हिटॅमिन, गोळीत येतं ते फोलिक अ‍ॅसिड) 146 मायक्रोग्रॅम, म्हणजे बाईच्या दिवसभराच्या गरजेच्या दोन तृतीयांश. व्हिटॅमिन ए भरपूर, आणि व्हिटॅमिन के तर गरजेच्या कितीतरी पट. सी मात्र शिजवल्यावर बरंच जातं, कच्च्यात 28 मिलिग्रॅम असतं ते 10 वर येतं.

पालक म्हटलं की सगळे लोहाचंच बोलतात, आणि माझी सगळ्यात मोठी कळकळ इथेच आहे. माझं हिमोग्लोबिन 9.2 आलं होतं तेव्हा घरच्यांनी सांगितलं पालक खा, रक्त वाढेल, मग मी सव्वा महिना रोज पालक खाल्ला, कुकरला तीन शिट्ट्या काढून, पाणी फेकून, आणि जेवण झालं की लगेच चहा. परत तपासलं तर 9.3. शेवटी गोळ्या सुरू केल्या तेव्हा कुठे आकडा हलला. आपल्याकडे बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते, त्यातलं वाटीभर पालकातून साडेतीन मिळणार आणि त्यातलंही शरीर उचलतं ते फार थोडं. तेव्हा कमी हिमोग्लोबिनवर नुसत्या पालकाच्या भरवशावर कृपा करून राहू नका, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्याच आणि पालक सोबत खा. दिवस गेलेल्या बायकांनीही पालक चालू केला म्हणून फोलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करायची नाही.

कॅल्शियमचंही तसंच. कागदावर पालकाचं कॅल्शियम दुधाच्या बरोबरीचं दिसतं, पण पालकातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला त्यातलं साधारण 5 टक्केच मिळतं, दुधातलं पाव भागाच्या वर मिळतं. पालक खाल्ल्यावर दातांवर खरखरीत थर आल्यासारखं वाटतं ना, ते हेच ऑक्झलेट. म्हणजे पालक खायचा तो फोलेट, ए आणि के यांच्यासाठी, आणि हे तिन्ही भरपूर मिळतं जर नीट शिजवला तर.

आता करायचं कसं. आधी धुवायचं, मग चिरायचं, उलटं केलं तर पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन्स मोरीत जातात. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पानं बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं हाताने वर उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं करू नका, तळाला बसलेली माती परत पानांवर येते. पातेल्याच्या तळावरून बोट फिरवून बघायचं, कचकच लागली की परत पाणी बदलायचं, पावसाळ्यात मला चार-चार वेळा बदलावं लागतं. कोवळी देठं फेकू नका, बारीक चिरून भाजीत घाला.

रोजच्या डाळ-पालकासाठी माझी पद्धत अशी, तुरीची डाळ कुकरला लावायची पण पालक त्यात नाही घालायचा. कढईत तेल, मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, मिरची, त्यावर चिरलेला पालक, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. पानं बसली आणि गडद हिरवी झाली की शिजलेली डाळ ओतायची, एक उकळी, गॅस बंद. पाणी कुठे फेकलं नाही म्हणजे फोलेट डाळीतच राहिलं. नुसता उकडून पाणी ओतून दिलं तर जवळजवळ निम्मं फोलेट त्या पाण्याबरोबर जातं, वाफवला तर फारसं जात नाही, इडलीपात्रात तीन-चार मिनिटं वाफ दिली तरी मस्त होतो. मीठ पालक बसल्यावरच घाला, आधी ढीग बघून घातलं की हमखास खारट, त्यात पालकात मुळातच थोडं सोडियम असतं.

डाएटवाले लोक तेल अजिबात न घालता उकडलेला पालक खातात, त्यांना एवढंच सांगणं की यातलं ए आणि के अंगी लागायला थोडा स्निग्धपणा लागतोच, फोडणीचं चमचाभर तेल पुरतं. हिरवा रंग टिकावा म्हणून खायचा सोडा घालू नका, रंग राहतो पण व्हिटॅमिन सी आणि बी1 मार खातात. झाकण उघडं ठेवलं आणि वेळ कमी ठेवला की रंग आपोआप राहतो.

लिंबू गॅसवर असताना नाही, ताटात वाढल्यावर पिळायचं. व्हिटॅमिन सी सोबत असलं की पालकातलं लोह जास्त शोषलं जातं. थंडीत पालक चांगला येतो तेव्हाच पेरूही येतात, जेवणाबरोबर अर्धा पेरू खा, पेरूत 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या वर सी असतं. चहा-कॉफी मात्र जेवणानंतर तासभर तरी लांब, त्यांनी लोह कमी शोषलं जातं. पालक पनीर चवीला छानच, पण पनीरमधलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं, म्हणून लोहासाठी खात असाल तर डाळ-पालकच बरा.

कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे होऊन गेले असतील त्यांचं गणित उलटं. त्यांनी भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं पालक टाकायचा, पाणी सगळं फेकायचं, गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळून गोळा करायचा, मग भाजी करायची. थोडं फोलेट गेलं तरी चालेल, विरघळणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं. आणि आपली ताकातली पातळ भाजी, हरभरा डाळ घातलेली, यांच्यासाठी फारच चांगली, ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरतं आणि ते किडनीपर्यंत कमी पोचतं. तरी किती खायचा ते डॉक्टरांना विचारूनच.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल, चालू असतील तर एक दिवस दोन वाट्या आणि मग पंधरा दिवस काहीच नाही असं अजिबात करू नका. व्हिटॅमिन के त्या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. माझ्या मावशीची हृदयाची झडप बदललीय, ती बुधवार-शनिवार एकेक वाटी खाते, तिच्या डॉक्टरांनीच तसं ठरवून दिलंय.

उरलेली भाजी ओट्यावर रात्रभर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रीजमधे टाका, दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम एकदाच करा, तीही खाणार तेवढीच. तान्ह्या बाळाला वरचं अन्न सुरू केलं असेल तर त्याला शिळा पालक देऊच नका, पालकात नायट्रेट असतं आणि भाजी बाहेर राहिली की त्याचं नायट्राइट होत जातं, ते इतक्या लहान जिवाला झेपत नाही. त्याच्यापुरती चार-पाच पानं वेगळी काढून ताजीच वाफवा आणि वरणात घोटून द्या.