लाकडी कपाटातला व्हॉल्व्हचा टीव्ही पुन्हा चालू करताना

अडगळीतून असा, व्हॉल्व्हवर म्हणजे पोकळी असलेल्या काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना टीव्ही बाहेर काढला की धूळ झटकून लगेच प्लग लावून बघावासा वाटतो. कृपा करून लावू नका. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या सेटला थेट वीज दिली, तर आतले वाळलेले कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) शॉर्ट होतात आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मर जाळून जातात. कपॅसिटर नवा मिळतो. त्या सेटचा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग, मात्र बहुधा जगात कुठेच नव्याने बनत नाही.

माझ्याकडचा सेट आत्याचा. १९५९ सालचा, २१ इंची, काळा-पांढरा, चार पायांवर उभा आणि पुढे सरकती लाकडी दारं. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या शेजारी बसून मी सोल्डरिंग शिकले. ते कपॅसिटरला कायम कंडेन्सर म्हणायचे, माझ्याही तोंडी अजून तोच शब्द येतो. या सेटवर मी जवळजवळ सात महिने घालवले. त्यातले तीन आठवडे माझ्या एकाच चुकीपायी गेले, ती पुढे सांगते.

कामाला हात लावण्याआधी ठरवायचं ते पिक्चर ट्यूब जिवंत आहे की नाही. बाकी सगळं बदलता येतं, ट्यूब नाही. मागचा पुठ्ठा काढा आणि ट्यूबच्या मानेत आतून चंदेरी डाग दिसतो का पाहा. तो चंदेरी किंवा काळपट असेल तर पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, ती ट्यूब संपली. मग सॉकेट हळूच सरळ मागे ओढून काढा आणि मल्टिमीटरने हीटरच्या दोन पिना मोजा. काही ओहम दाखवले की तार अखंड आहे. कोणत्या पिना ते सर्किटच्या आकृतीत असतं. कपाटाच्या आतल्या बाजूला व्हॉल्व्हच्या जागांचा कागदही चिकटवलेला असतो. त्याचा आधी फोटो काढा, कारण तो हात लागताच चुरतो.

मानेला धक्का लावू नका. काच तिथे सर्वांत पातळ असते आणि आत पोकळी असल्याने फुटली तर तुकडे आत ओढले जाऊन मग चारी दिशांना उडतात. ट्यूबजवळ काम करताना मी चष्मा आणि जाड बाह्यांचा शर्ट घालतेच.

आता विजेची गोष्ट. ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली जी तार जाते, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या सेटमध्ये साधारण १० ते १६ हजार व्होल्ट असतात, रंगीत सेटमध्ये २० हजारांच्या वर. ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरचं काम करते आणि सेट बंद केल्यावरही विजेचा भार धरून ठेवते. लांब प्लास्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला एक तार बांधा, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाला टेकलेल्या वेणीला जोडा आणि मगच स्क्रूड्रायव्हरचं टोक टोपीखाली सरकवा. एक हात पाठीमागे ठेवा. पाच मिनिटांनी तेच पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. मी एकदा रात्री भार काढून झोपले, सकाळी निर्धास्तपणे टोपीला हात घातला आणि हात कोपरापर्यंत झिणझिणला. त्या झटक्याने हात मागे जाऊन मानेवर आपटला असता तर ट्यूबही गेली असती.

चासीबद्दलही, म्हणजे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याबद्दलही, एक माहीत हवं. या काळातल्या पुष्कळ सेटांमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात आणि भिंतीतल्या विजेची एक तार सरळ चासीला टेकलेली असते. प्लग उलटा लागला की अख्खी चासी जिवंत. नॉब निघालेला असेल तर त्याचा धातूचा दांडाही जिवंत. अशा सेटवर काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला भिंतीतल्या विजेपासून वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर, हवाच. व्होल्टेज कमीजास्त करणारा फिरवायचा ऑटोट्रान्सफॉर्मर त्याची जागा घेत नाही. तो बाहेरून ट्रान्सफॉर्मरसारखा दिसला तरी भिंतीपासून तुम्हाला वेगळं करत नाही.

पहिल्यांदा वीज द्यायची ती तारेच्या दिव्यातून. १०० वॉटचा जुना तारेचा दिवा सेटच्या वाटेत मालिकेत जोडा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. दिवा आधी झगमगला आणि मग मंदावला तर ठीक. झगमगतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. पण हेसुद्धा मुख्य कपॅसिटर बदलल्यावरच.

आता कपॅसिटर. इथेच बहुतेक काम आहे आणि इथेच नवे भाग जुन्यापेक्षा खरोखर सरस आहेत. मेण लावलेले कागदी कपॅसिटर दमट हवा पितात आणि त्यांच्यातून डीसी (एकाच दिशेची वीज) गळू लागते. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे दीडशे-दोनशे व्होल्ट पुढच्याच्या ग्रिडला (प्रवाह आवरणाऱ्या आतल्या जाळीला) झिरपले की तो व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, लाल होतो आणि आपल्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही नेतो. म्हणून कागदी कपॅसिटर मीटरवर बरा दिसला तरी मी ठेवत नाही. ०.०५ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७ चा, ०.०२ च्या जागी ०.०२२ चा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन घाला, ६३० व्होल्टचा. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. अभ्रकाचे आणि चपटे सिरॅमिक बहुधा चांगलेच असतात, त्यांना उगाच छेडू नका. ट्यून केलेल्या भागात तर त्यांच्या पायांची लांबीसुद्धा मोजणीत धरलेली असते.

विजेच्या दोन तारांमध्ये किंवा तारेपासून चासीला जोडलेले कपॅसिटर मात्र वेगळे. तिथे साधा फिल्म चालणार नाही. तारांमध्ये एक्स वर्गाचा आणि चासीला वाय वर्गाचा सुरक्षा-कपॅसिटर लागतो. वाय वर्गाचा बिघडला तर उघडा पडावा, शॉर्ट होऊ नये, अशा हिशेबाने बनवलेला असतो.

इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे वीजपुरवठा सपाट करणारे मुख्य फिल्टर कपॅसिटर, मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात असतात, एका डब्यात तीन-चार. बुडाला अर्धचंद्र, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून कोणतं टोक कोणत्या किमतीचं ते कळतं. मी डबा चासीवर तसाच ठेवला, खालचे सगळे जोड कापले आणि आत छोट्या टॅगपट्टीवर ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे नवे लावले. जुन्याला न कापता समांतर नवा जोडणं हा आळस आहे. जुना आतून गळत राहतो, गरम होतो. नवा उलटा जोडलात तर फुटतो, म्हणून उणे टोकाची पट्टी दोनदा बघा. रेक्टिफायरनंतरचा (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरचा) पहिला कपॅसिटर मूळच्यापेक्षा फार मोठा घेऊ नका. मोठ्यात झीज कमी होईल असं वाटतं, पण चालू करताना तो एवढा प्रवाह ओढतो की रेक्टिफायर व्हॉल्व्ह त्यानेच मरतो.

माझी चूक अशी. उत्साहाच्या भरात एका शनिवारी-रविवारी मी सदतीस कपॅसिटर बदलले. सोमवारी सेट लावला तर पडदा काळा, आवाज नाही. एक तार शेजारच्या टॅगवर गेली होती. ती सापडायला तीन आठवडे लागले, कारण सदतीस जागांपैकी कुठेही चूक असू शकत होती. बदलण्याआधीचे फोटोही माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा की मुख्य फिल्टर बदलून झाले की पुढे एका वेळी एकच विभाग: आवाज, मग उभं स्कॅनिंग (चित्र वरून खाली पसरवणारा भाग), मग आडवं (प्रत्येक ओळ आखणारा). प्रत्येकानंतर सेट लावून बघायचा आणि वहीत लिहायचं. वेळ जास्त जातो असं वाटतं, खरं तर वाचतो.

माझ्या सेटमध्ये सेलेनियमचा रेक्टिफायर होता, पत्र्यांची चळत लावल्यासारखा. तो जळला तर कुजक्या भाजीसारखा भयंकर वास येतो आणि तो धूर विषारी असतो, म्हणून तो काढूनच टाका. जागी १एन५४०८ हा सिलिकॉन डायोड घातला. पण सिलिकॉनमध्ये व्होल्टेज फारसं पडत नाही, त्यामुळे पुढचं सगळं वाढतं. सर्किटच्या आकृतीत २६० व्होल्ट लिहिले होते, मला २८४ मिळाले. असंच चालू ठेवलं असतं तर हळूहळू सगळेच व्हॉल्व्ह झिजले असते. डायोडच्या आधी वेगवेगळे वायरवाउंड रेझिस्टर लावून पाहिले. २५ ओहम, २० वॉटच्या रेझिस्टरने २६२ व्होल्ट आले, तिथे थांबले. तुमच्या सेटला आकडा वेगळा येईल, मोजूनच ठरवा.

कार्बनचे जुने रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. एक पाय सोडवून मोजा आणि वीस टक्क्यांपेक्षा जास्त सरकला असेल तर मेटल फिल्मचा घाला, तेवढ्याच वॉटचा किंवा मोठा. चित्र खालून दोन बोटं तोकडं येत होतं. मी आधी व्हॉल्व्हवर संशय घेतला, निघाला २.२ मेगओहमचा रेझिस्टर, तो ३.४ दाखवत होता. चित्र वरखाली आखूड असेल तर उभ्या स्कॅनिंगमध्ये शोधा. पडद्यावर मधोमध एकच आडवी तेजस्वी ओळ दिसली तर उभं स्कॅनिंग पूर्ण बंद आहे. ब्राइटनेस ताबडतोब उतरवा, नाहीतर ती ओळ फॉस्फरमध्ये (पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या लेपात) कायमची जळते. चित्रावरून रुंद काळा पट्टा हळूहळू सरकत असेल तर फिल्टर कपॅसिटरकडे परत जा.

आडव्या स्कॅनिंगचा पिंजरा, म्हणजे त्या भागावरची धातूची पेटी, मी सगळ्यांत शेवटी उघडते. तिथले बूस्ट कपॅसिटर जोरदार धक्के खातात, म्हणून पल्ससाठी बनवलेले पॉलिप्रॉपिलिन, १६०० व्होल्टचे घालते. किंमत मात्र अगदी मूळचीच ठेवा. ट्यूनिंगचा कपॅसिटर लहान झाला की हाय टेन्शन (ट्यूबला जाणारे ते हजारो व्होल्ट) वाढतं, आणि हाय टेन्शन हद्दीबाहेर गेलं की काही व्हॉल्व्हमधून क्ष-किरण निघतात. पिंजऱ्याचं धातूचं झाकण म्हणूनही असतं. काम झालं की परत लावा. आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट चेरीसारखी लाल झाली तर बहुधा त्याला ग्रिडचा सिग्नल मिळत नाही. काही सेकंदांत बंद करा.

हा भाग चालू झाला की कानाला बारीक शिट्टी येते. ६२५ ओळींच्या सेटमध्ये आडवी ओळ सेकंदाला १५,६२५ वेळा आखली जाते, ५२५ ओळींच्यात १५,७५०, आणि ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच वेगाने थरथरतो. वयाने माझ्या कानांना तो सूर ऐकू येत नाही. म्हणून नऊ वर्षांची नात दाराशी उभी होती, सेटपासून लांब. मी बटण दाबलं, हीटर लालसर झाले, पडदा काळाच होता. साधारण अर्ध्या मिनिटाने ती म्हणाली, "आजी, शिट्टी!" मी मीटर खाली ठेवला. त्यानंतर काही सेकंदांनी पडद्यावर राखाडी उजेड पसरला.

उजेड मिळाला तरी चित्र कुठून आणणार, हा प्रश्न उरतो. ॲनालॉग प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी बंद झालं आहे. एचडीएमआयचं कंपोझिटमध्ये (जुन्या पद्धतीच्या व्हिडिओ सिग्नलमध्ये) रूपांतर करणारी डबी आणि तिच्यापुढे आरएफ मॉड्युलेटर (तो सिग्नल टीव्हीच्या चॅनलवर चढवणारी डबी) एवढं पुरतं. विकत घेताना दोन गोष्टी तपासा. मॉड्युलेटर ज्या चॅनलवर देतो तो तुमचा ट्यूनर पकडतो का? बरेच जुने सेट फक्त व्हीएचएफ जाणतात. आणि चित्राच्या व आवाजाच्या लहरींमधलं अंतर जुळतं का? ते पद्धतीनुसार ४.५, ५.५, ६ किंवा ६.५ मेगाहर्ट्झ असतं. जुळलं नाही तर चित्र सुंदर येतं आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. सेटच्या मागे अँटेनासाठी दोन स्क्रू असतील तर ते ३०० ओहमचे, ७५ ओहमची केबल जोडायला छोटा बॅलन (दोन्हींची जुळणी करणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो. खुर्रखुर्र करणाऱ्या नॉबला आणि ट्यूनरच्या संपर्कांना कॉन्टॅक्ट क्लीनर द्या, तेल कधीही नको. व्हॉल्व्हच्या काचेवरचं नाव पुसू नका, ते ओल्या बोटानेही जातं.

कपाटाचं काम मी थोडक्यात उरकलं. सुटलेल्या व्हिनिअरखाली जुना सरस होता. ओला कपडा ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली आणि वजन ठेवलं, तो पुन्हा धरला. पॉलिश खरवडण्याआधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघा. चिकट झालं तर लाखेचं आहे आणि त्याच पॉलिशने ते पुन्हा उजळतं. आत उष्णतेसाठी लावलेला करडा, तंतुमय पत्रा दिसला तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. घासू नका, कापू नका.

सगळं बसवल्यावर मागचा पुठ्ठा लावून दोन तास सेट चालवा. पुठ्ठा लावल्याशिवाय आतली खरी उष्णता कळत नाही. मग बंद करा, प्लग काढा, भार काढा आणि नवे भाग एकेक पाहा. एखादा तपकिरी झाला असेल तर तो वॉटला कमी पडतोय. व्हॉल्व्हच्या जागांच्या कागदाशेजारी मी एक पाकीट चिकटवलं आहे. त्यात कोणता भाग कधी बदलला, मूळ किंमत किती आणि आता किती, हे सगळं लिहिलेला कागद आहे आणि काढलेला सेलेनियम रेक्टिफायर कुठल्या खोक्यात ठेवला तेही.