सिलिकॉन मॉड्यूल बसवण्याच्या टूलिंगची तयारी

सिलिकॉन मॉड्यूल, म्हणजे बेसप्लेटवर चिकटवलेला सिलिकॉनचा सेन्सर, जागेवर बसवायच्या टूलचं ड्रॉइंग पुण्याजवळच्या भोसरीच्या वर्कशॉपला पाठवण्याआधी मॉड्यूलला हात नेमका कुठे लावता येतो, ते ठरवून घ्या. सिलिकॉन सेन्सर जेमतेम ३०० मायक्रॉन जाड, आणि त्यावरचे ॲल्युमिनियमचे वायर बॉण्ड, म्हणजे जोडणीच्या बारीक तारा, २५ मायक्रॉनचे, तेही बरेचदा उघडे. बोट नुसतं घासलं तरी ते आडवे होतात आणि शेजारच्या वायरला टेकून शॉर्ट होतात. म्हणून पकड बेसप्लेटच्या कडेवर घ्या आणि बॉण्डवर येईल असं झाकण टूललाच जोडा. व्हॅक्यूमने उचलणार असाल तर कप सिलिकोन रबरचे नकोत, त्यांचा तेलकट अंश राहिला की पुढे गोंद धरत नाही. पंप मध्येच बंद पडला तरी मॉड्यूल खाली येऊ नये, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, छोटी राखीव टाकी आणि खालून आधाराची पट्टी, तिन्ही हवं.

मॉड्यूल नेमक्या जागी आणणाऱ्या दोन डॉवेल पिनांपैकी एकीला गोल भोक, दुसरीला लांबट खाच द्या. दोन्ही भोकं गोल आणि घट्ट केलीत तर मॉड्यूल तिरकं अडकतं, मग माणूस जोर लावतो आणि सेन्सर तडकतो. एक पिन चार-पाच मिलिमीटर लांब ठेवली की आधी तीच शिरते.

माप कुठल्या तापमानाला घेतलं, ते रिपोर्टवर लिहून मागा. ५०० मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट मे महिन्यात ३५ अंशांच्या शेडमध्ये मोजली आणि २० अंशांच्या क्लीनरूममध्ये वापरली, तर ती सुमारे १७० मायक्रॉन आखडलेली असते.

अ‍ॅनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा) थर वीज वाहू देत नाही, हे हमखास विसरलं जातं. अर्थिंगच्या स्क्रूभोवतीची जागा मास्क करून कोरी ठेवायला सांगा. साधं डेलरिन हे प्लास्टिकही टाळा. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात त्यावर स्टॅटिक चटकन साठतं.

सगळे स्क्रू कॅप्टिव्ह, म्हणजे सैल केले तरी निसटून न पडणारे, घ्या.

सगळ्यात जास्त वेळ डमीला, म्हणजे चाचणीसाठीच्या नकली मॉड्यूलला, द्या. डमीचं वजन, जाडी खऱ्यासारखी हवी आणि तिला खऱ्याच केबल जोडलेल्या हव्यात. कॅडमध्ये केबल सांगू तशी वळते. प्रत्यक्षात ती ताठ असते आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला मॉड्यूल मागे ढकलते. केबलला क्लॅम्प टूलवरच द्या. डमी अर्ध्यात थांबवून, त्याच टूलने, शेजारच्या मॉड्यूलला धक्का न लावता बाहेर काढता येते का, तेही बघा. येत नसेल तर टूलचं डिझाइन अजून पूर्ण झालेलं नाही.