स्विचच्या नेटवर्कमधला लूप आणि एसटीपी : या चुका टाळा

अख्ख्या ऑफिसचं नेट एकदम गेलं, स्विचवरचे सगळे लाइट एकत्र फडफडतायत, स्विचमध्ये लॉगिनसुद्धा होत नाहीये, असं दिसलं की सगळ्यात आधी लूप (केबलींचा फिरून परत तिथेच येणारा रस्ता) आहे असंच धरून चाला. माझ्या एका जुन्या कंपनीत मीटिंग रूममध्ये एक पॅच कॉर्ड लोंबत होती, कुणीतरी चांगल्या मनाने तिचं मोकळं टोकपण भिंतीतल्या दुसऱ्या पॉइंटला लावलं, आणि आम्ही दोन तास फायरवॉल बघ, व्हायरस बघ, प्रोव्हायडरला फोन लाव, हेच करत बसलो.

होतं काय, तर आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्पे फिरायचं त्याची मर्यादा, असतो, फिरून फिरून ते कधीतरी मरतं, पण इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे स्विच जे पाकीट पुढे ढकलतो त्याला, तसलं काहीच नाही. ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा संदेश) एकदा लूपमध्ये शिरला की फिरतच राहतो, प्रत्येक स्विच त्याच्या कॉप्या बाकीच्या पोर्टवर सोडतो आणि काही सेकंदांत सगळं तुंबतं. यावरचा उपाय राडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डीईसी कंपनीत असताना काढला, तोच स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, म्हणजे एसटीपी. स्विच दर 2 सेकंदांनी बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात, आपल्यातला एक रूट, म्हणजे मुख्य स्विच, निवडतात, रूटकडे जाणारा स्वस्त रस्ता चालू ठेवतात आणि जादाचा रस्ता ब्लॉक करतात. केबल तशीच राहते, चालू रस्ता तुटला तर ब्लॉक केलेला उघडतो.

आता सगळ्यात वाईट चूक, एसटीपी बंदच करून टाकणं. कारण ठरलेलं असतं, पीसी लावला की अर्धा मिनिट नेट येत नाही. बरोबर आहे, जुन्या एसटीपीत पोर्ट 15 सेकंद लिसनिंग आणि 15 सेकंद लर्निंगमध्ये असतो, ट्रॅफिक सोडत नाही, तोवर आयपी मिळवून देणारा डीएचसीपी हात टेकतो आणि पीसी स्वतःच ठरवलेला, नेट न चालणारा 169.254 वाला आयपी घेऊन बसतो. पण त्यासाठी एसटीपी मारायचा नसतो, पीसी-प्रिंटरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच चालू) लावायचा आणि सोबत बीपीडीयू गार्ड, म्हणजे त्या पोर्टवर बीपीडीयू आला की पोर्ट बंद. इथे गार्डच्या जागी बीपीडीयू फिल्टर लावणारे बरेच भेटतात. कृपया नका लावू, पोर्टवर फिल्टर लावला की बीपीडीयू जातही नाही आणि आलेला बघितलाही जात नाही, म्हणजे तिथे तुम्ही एसटीपी बंदच केलात.

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती दिसत नाही. रूट कोण ते कुणी ठरवलेलंच नसतं. प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यात कमी तो रूट, पण सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मुळातच 32768, मग बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस (कारखान्यातून मिळालेला नंबर) लहान तो रूट, आणि तो बरेचदा कोपऱ्यातला जुना स्विच निघतो. समजा दोन कोअर (मधले मुख्य) स्विच आहेत, त्यांच्यात 10 गिगची लिंक, आणि एक ॲक्सेस स्विच (ज्याला पीसी जोडतात तो) दोघांना 1 गिगने जोडलाय. ॲक्सेस स्विच रूट झाला तर दोन्ही कोअरना त्याच्याकडे जायचा थेट रस्ता 4 कॉस्टचा (लिंक वेगवान तितका कॉस्ट कमी, 1 गिगला 4, 10 गिगला 2), दुसऱ्या कोअरकडून फिरून गेलं तर 2 अधिक 4 म्हणजे 6. झालं, ब्लॉक कोण होणार, तर तुमची 10 गिगची लिंक! कोअरमधला सगळा ट्रॅफिक त्या बिचाऱ्या ॲक्सेस स्विचमधून जातो आणि नेट स्लो आहे अशा तक्रारी महिनोन्‌महिने येत राहतात. एसटीपी लूप तोडणारच आहे, कुठे तोडायचा ते तुम्ही ठरवा. एका कोअरला प्रायॉरिटी 4096, दुसऱ्याला 8192, आणि ॲक्सेसकडे जाणाऱ्या पोर्टवर रूट गार्ड, म्हणजे तिकडून कुणी रूट व्हायला बघितलं की पोर्ट अडवला जातो.

टेबलाखालचे स्वस्तातले अनमॅनेज्ड (काहीच सेटिंग नसलेले) स्विच ही वेगळीच डोकेदुखी. त्यांना एसटीपी कळत नाही, काही बीपीडीयू पुढे जाऊ देतात, काही गिळून टाकतात. गिळणारा असेल तर त्याच्यातला लूप मेन स्विचला दिसतच नाही, म्हणून अशा पोर्टवर ब्रॉडकास्टचा पूर अडवणारा स्टॉर्म कंट्रोलपण हवाच. फायबरची एकच बाजू मेली तरी घात होतो, ब्लॉक पोर्टला बीपीडीयू यायचे थांबले की 20 सेकंदांनी त्याला वाटतं समोर कुणी नाही आणि तो उघडायला लागतो, तिथे लूप गार्ड (बीपीडीयू थांबले तरी पोर्ट उघडू देत नाही) किंवा यूडीएलडी (एकतर्फी झालेली लिंक ओळखतो) लावा.

लूप चालू असताना स्विच रीबूट करत बसू नका, केबल तिथेच आहे, तो परत सुरू होणार. स्विचमध्ये थेट शिरायला कन्सोल केबल लावा, जादाचे अपलिंक (स्विच-स्विचमधल्या जोडण्या) एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी लाइट शांत होतात का बघा. लॉगमध्ये एकच मॅक दोन पोर्टमध्ये उड्या मारतोय असं आलं तर तेच दोन पोर्ट धरा. 'शो स्पॅनिंग-ट्री डिटेल' मध्ये शेवटचा टोपोलॉजी चेंज (रस्ते बदलल्याची खबर) कुठल्या पोर्टवरून आला तेही दिसतं, त्या पोर्टच्या मागे मागे पुढच्या स्विचवर जात राहा. आणि बीपीडीयू गार्डने बंद केलेला पोर्ट घाईघाईत परत चालू करायचा नाही, आधी त्या टेबलापर्यंत चालत जा, केबल हाताने धरून तिचं दुसरं टोक कुठे जातंय ते डोळ्यांनी बघा, मगच पोर्ट चालू करा.