स्प्रिंगच्या एअर रायफलने ससा मारायचा तर आपली हद्द किती यार्डांची?

टेबलावर पिशवी ठेवून, तिच्यावर रायफल टेकवून ४० यार्डांवर पाच छर्रे एका नाण्याखाली झाकले गेले, की वाटतं आता ४० यार्डांवरचा ससा हातचा. मलाही तसंच वाटलं होतं. मग सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी बागेच्या कुंपणाशी गुडघ्यावर बसून मी ३८ यार्डांवरच्या सशावर छर्रा सोडला. तो जबड्याला लागला आणि ससा बिळात शिरला. खांद्यापर्यंत हात घालून मी बीळ चाचपलं, अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो, पण ससा काही बाहेर आला नाही. पुढे जे सांगतोय ते त्या रात्री ठरवलं.

मी मूळचा कऱ्हाडचा, आता इंग्लंडात हेरिफर्डशरमध्ये राहतो. इथे सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, सफरचंदांच्या बागा आहेत. हिवाळ्यात गवत कमी झालं की ससे कोवळ्या झाडांची साल कुरतडतात. साल खोडाभोवती गोल सोलली गेली की झाड वाळलंच. म्हणून बागेच्या मालकीणबाईंनी मला लेखी परवानगी दिली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या (हे छर्ऱ्याच्या जोराचं माप) एअर रायफलला फायरआर्म सर्टिफिकेट, म्हणजे बंदुकीचा परवाना, लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून वेगळं सर्टिफिकेट लागतं. माझा भाचा कऱ्हाडहून विचारतो, "मामा, आपल्या शेतात चालेल का?" नाही चालणार, बाळा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पण खाली दिलेली चाचणी पुठ्ठ्यावरच करायची आहे, तेवढी तुला खुशाल करता येईल.

माझ्याकडे वायरॉख या जर्मन कंपनीची एचडब्ल्यू ९५ रायफल आहे, नळी खाली वाकवून भरायची, .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची. ८.४४ ग्रेनचा, म्हणजे सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, छर्रा सेकंदाला साधारण ७८० फुटांनी निघतो. रायफल चांगलीच आहे. अडचण स्प्रिंगची आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

चाप ओढला की आवळलेली स्प्रिंग जड पिस्टनला पुढे ढकलते, तशी रायफल मागे सरकते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थबकतो, तशी ती पुढे हिसडते. हे सगळं होतं तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे छर्रा बाहेर पडताना नळीचं तोंड कुठे असेल हे तुम्ही रायफल कशी धरली आहे त्यावर ठरतं. दर वेळी धरणं तेच असेल तर हिसकाही तोच बसतो आणि छर्रा त्याच जागी लागतो. डावा हात दोन बोटं पुढे गेला, किंवा गाल जरा जास्त दाबला, की छर्रा दुसरीकडे गेलाच म्हणून समजा. हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलींना हा त्रास जवळजवळ नसतो, म्हणून त्यांच्या मालकांनी सांगितलेले यार्ड आपले मानू नयेत.

यावर उपाय एकच, रायफल आवळायची नाही. डावा तळवा उघडा ठेवा, रायफल त्यावर नुसती विसावू द्या. खांद्याला दस्ता जेमतेम लागलेला असावा, उजव्या हाताची पकड सैल. चाप ओढल्यावर छर्रा लागेपर्यंत दुर्बिणीतून डोळा हलवू नका. तळव्याची जागा मी चापाच्या कडीपुढे चार बोटांवर कापडी चिकटपट्टी लावून ठरवून टाकली आहे, अंधुक उजेडातही बोटांना ती लागते. आणि रायफल थेट कुंपणाच्या खांबावर किंवा दगडावर टेकवू नका. कठीण वस्तूवरून ती उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. खांबावर आधी हात, हातावर रायफल.

आता चाचणी. सशाचा नेम डोळा आणि कानाचं मूळ यांच्या मधोमध घ्यायचा. तिथे लागलं तर ससा जागेवर पडतो. ती जागा जेमतेम इंचभराची. इथलं २ पेन्सचं नाणं २५.९ मिलिमीटरचं असतं, आपलं १० रुपयांचं २७ मिलिमीटरचं. पुठ्ठ्यावर नाणं ठेवून पेन्सिलने दहा गोल काढा. पुठ्ठ्यामागे मातीचा बांध हवाच, कारण चुकलेला छर्रा बराच लांब जातो. मग १५ यार्डांपासून सुरुवात करा. एका गोलात एकच छर्रा. प्रत्येक छर्‍यानंतर उठा, वीस पावलं चाला, परत या, नव्याने बसा आणि मग नेम घ्या. कंटाळवाणं काम आहे. पण सशावर तुम्हाला एकच छर्रा मिळतो आणि तो नेहमी पहिला असतो. एकाच बैठकीत मारलेले पाच छर्रे त्या पहिल्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

दहापैकी दहा आत गेले तर पाच यार्ड मागे जा. एक जरी बाहेर गेला तर ते अंतर तुमचं नाही, दहाही आत जाईपर्यंत एकेक यार्ड पुढे या. "तो एक वाऱ्याने गेला" असं म्हणून सोडून देऊ नका, वारा बागेतही असतोच. तीन वेगवेगळ्या दिवशी करा, आणि तिन्ही दिवसांतला सर्वांत कमी आकडा धरा.

हे उभं राहण्या-बसण्याच्या प्रत्येक पद्धतीसाठी वेगळं करावं लागतं. टेबलावर ४० यार्डांवर नाणं झाकणारा मी, उभ्याने १२ यार्डांवर आलो. एका गुडघ्यावर १८. बसून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून २५. पालथं झोपून, पिशवीवर हात ठेवून ३०. म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या हद्दीच्या दुपटीहून जास्त लांबच्या सशावर मी छर्रा सोडला होता.

३० यार्डांपुढे अंतराचा अंदाजही घात करतो. माझी दुर्बीण ३० यार्डांना लावलेली आहे. ४० वर छर्रा सुमारे इंचभर खाली उतरतो. समोरचं ४० यार्डांवरचं जनावर तुम्ही ३० वर धरलंत तर नेम डोक्यावर आणि छर्रा जबड्यात. म्हणून बिळांच्या तोंडापासून जिथे मी बसतो तिथवर अंतर मोजून चुना लावलेले दगड ठेवले आहेत. लेझरचं यंत्र असलं तरी सांजेला दगड पटकन दिसतात. वाऱ्यासाठी नळीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधा. धागा आडवा उडायला लागला की मी हद्दीतून पाच यार्ड वजा करतो, फांद्या हलायला लागल्या की घरी जातो.

एकदा दहातले चार बाहेर जायला लागले. मी दोन संध्याकाळी स्वतःचा हात सुधारत बसलो, आणि शेवटी दस्त्याचा पुढचा स्क्रू पाव फेरा ढिला निघाला. स्प्रिंगच्या हादऱ्याने हे होतंच. बाहेर पडण्याआधी तिन्ही स्क्रू आवळून बघा. साधी दुर्बीणही या दुहेरी हिसक्याने मोडते, स्प्रिंगसाठी बनवलेलीच घ्या. छर्‍यांचा नवा डबा उघडला की पुठ्ठ्यावर पुन्हा तपासा, घेर चेपलेला छर्रा बाजूला काढा.

ससा चरत असताना डोकं सारखं हलतं. तो हद्दीत असला तरी थांबा. जिभेने हलकेच टक् केलं की बहुतेक वेळा तो कान उभारून क्षणभर स्थिर होतो, तेवढ्यात चाप. नाही थांबला तर नाही. आणि छातीवर नेम घेऊच नका. १२ फूट-पौंडांत ससा छातीत छर्रा घेऊन बीळ गाठू शकतो.

हिवाळाभर रायफल कमी चालते, हात विसरतो. म्हणून दर मार्चमध्ये मी पुठ्ठा, पेन्सिल आणि नाणं घेऊन पुन्हा तीन दिवस बसतो. निघालेले चार आकडे दस्त्याच्या डाव्या बाजूला, गाल टेकतो त्याच्या खाली, पट्टीवर लिहितो. यंदा लिहिलंय: उभं १२, गुडघा १७, बसून २५, झोपून ३०. गुडघ्याचा एक यार्ड कमी झाला आहे.