तहाने बॉर्डर कशी बदलली ते नकाशावर कसं बघायचं (ट्रायनॉन 1920)

आधी 1914 चा हंगेरीचा नकाशा काढा आणि बाजूला आजचा ठेवा, नुसतं एवढं केलं तरी धक्का बसतो. 4 जून 1920 ला ट्रायनॉनच्या तहावर, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या हंगेरीशी झालेल्या करारावर, सह्या झाल्या आणि हंगेरीचा दोन तृतीयांशपेक्षा जास्त भाग गेला. ट्रान्सिल्वानिया रोमानियाला, उत्तरेचा भाग चेकोस्लोव्हाकियाला, बुर्गेनलँड ऑस्ट्रियाला.

मग रेल्वेचा नकाशा घ्या, ही स्टेप अजिबात सोडू नका. सातू मारे, ओरादिया, आराद ही शहरं जोडणारी लाइन शोधा, ती सलग रोमानियाला मिळावी म्हणून बॉर्डर तिच्या पश्चिमेला सरकवली, आणि त्यात कितीतरी हंगेरियन बोलणारी माणसं पलीकडे गेली. भाषेचा नकाशा मी त्यानंतरच बघतो, कारण लोक नेमके कुठे तुटले ते तेव्हा खरं कळतं.

कोमारोम झूम करून बघाच, डॅन्यूबच्या दोन्ही काठांवरचं एकच शहर आणि मधून बॉर्डर. खूप वाईट वाटतं बघून. ऑस्ट्रियाच्या बॉर्डरजवळचं शोप्रोन शहर मात्र वेगळं, तिथे ऑस्ट्रिया की हंगेरी यावर डिसेंबर 1921 मध्ये मतदान घेतलं आणि ते हंगेरीतच राहिलं.